तारे अजून जन्मतात

आमच्या घरात रविवार गुरुवारी यायचा. पिंपरी-भोसरीकडचे बरेचसे कारखाने गुरुवारी बंद असत. विजेचा भार वाटून घ्यायला तशी सोय केली होती म्हणे. त्यामुळे अण्णांची सुट्टी आणि माझी-विजूची शाळेची सुट्टी कधी एका दिवशी आली नाही. रविवारी आम्ही अंथरुणात लोळत असायचो तेव्हा अण्णा डबा अडकवून सायकलवर निघून गेलेले असायचे, आणि गुरुवारी आम्ही दप्तरं घेऊन जिना उतरायचो तेव्हा ते गॅलरीत उभे राहून दात घासत आमच्याकडे बघायचे, पाहुणा बघतो तसे. पण गुरुवारचा खरा फरक संध्याकाळी कळायचा. इतर दिवशी भोसरीच्या बाजूचं आभाळ तपकिरी असायचं, दिवस मावळला की त्याच तपकिरी रंगाला खालून भट्ट्यांची लाली चढायची. गुरुवारी कारखान्यांच्या चिमण्या थंड असायच्या. धूर निवळायचा आणि आभाळ धुतलेल्या परातीसारखं लख्ख व्हायचं. आईचा चेहरा त्या दिवशी सकाळपासूनच जरा हलका असायचा. आज संध्याकाळी जेवायला मिळणार, हे तिला ठाऊक असायचं.

संत तुकाराम नगरात दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. पहाटे कारखान्यांचे भोंगे एकामागून एक व्हायचे, आणि कुठला भोंगा कुठल्या कंपनीचा हे कॉलनीतल्या बायका डोळे मिटून सांगायच्या. त्यानंतर सायकलींच्या घंट्या, मग आमच्या स्टोव्हचा घरघराट, मग आईच्या हातातल्या भाकरीची थाप. आई लातूरकडची. पिंपरीत येऊन तिला बरीच वर्षं झाली होती, पण तिच्या स्वयंपाकाला आणि बोलण्याला पिंपरीचं पाणी लागलं नव्हतं. येसराची आमटी, ज्वारीची कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि "नंदे, काय करायलीस? ये बघ इकडं," ही हाक. शेजारच्या कोकणातल्या काकू तिच्या बोलण्याला हसायच्या, ती त्यांच्या नाकातल्या बोलण्याला हसायची, आणि दोघी मिळून गव्हल्या करायला बसायच्या. अण्णा फाउंड्रीत भट्टीवर होते. घरी आले की मोरीत बराच वेळ तोंड धुवायचे, तरी कानामागे काळी रेघ राहायचीच. ते फार कमी बोलायचे. जेवताना वाटी पुढे सरकवली की आमटी हवी, ताटात हात उलटा ठेवला की पुरे.

माझ्या पाठीवर विजू, आणि विजूच्या पाठीवर बाळू. बाळू नुकता भिंतीला धरून चालायला लागला होता तेव्हा तापाचं निमित्त होऊन गेला. थंडीचे दिवस होते. मी लहान होते, त्यामुळे मला त्या दिवसातलं सलग काही आठवत नाही. स्टोव्ह पेटला नव्हता, शेजारच्या काकूंनी आम्हा दोघांना त्यांच्या घरी नेऊन चहात बुडवून पाव खायला दिला होता, आणि अण्णा दोन माणसांबरोबर जिना उतरून गेले होते, एवढं आठवतं. लहान मुलांना दहन देत नाहीत. पवना नदीच्या काठाला नेऊन पुरलं. बायकांनी तिथं जायचं नसतं, म्हणून आई घरीच बसली होती.

दुसऱ्या दिवशी गावाहून थोरली काकू आली, अण्णांच्या मोठ्या भावाची बायको. ती आईला जवळ घेऊन म्हणाली, "रडू नको. लेकरं कुठं जात नसतेत. तारा झालाय तुझा बाळ. संध्याकाळी पहिला दिसंल ना, त्यो तुझा. त्याला बघितल्याबिगर रातच्याला तोंडात घास घालू नको, म्हंजी त्यो तुला सोडून जायचा न्हाई." काकूनं हे मायेनंच सांगितलं. तिचीही दोन लेकरं गेली होती आणि तिलाही कुणीतरी हेच सांगितलं असणार. काकू चार दिवसांनी गावाला परत गेली. तिचं वाक्य मात्र आमच्या घरात राहिलं.

त्या दिवसापासून आई संध्याकाळी तारा बघितल्याशिवाय जेवली नाही. उन्हाळ्या-हिवाळ्यात फारसं काही अडायचं नाही. आम्हाला वाढून ती गॅलरीत जायची, कठड्याला टेकून वर बघत राहायची, आणि तारा दिसला की हात जोडायची, आत येऊन ताट घ्यायची. त्यातल्या कितीतरी संध्याकाळी तो तारा नसून पश्चिमेचा शुक्र होता, हे मला पुढे कळलं. पण तिला कोणी त्याचं नाव विचारलं नव्हतं आणि तिनंही त्याला विचारलं नव्हतं. धुराच्या दिवशी वाट बघावी लागायची. बिल्डिंगमधल्या पोरांना हे माहीत झालं होतं. खाली लगोरी खेळता खेळता एखादा पोरगा ओरडायचा, "काकू, दिसला! टाकीच्या वर!" आणि आई लगबगीनं बाहेर यायची. आता हे सांगते तेव्हा माझ्या नातवाला वाटतं की मी काहीतरी रचून सांगते आहे. पण अख्ख्या बिल्डिंगमधली पोरं दररोज संध्याकाळी एका बाईसाठी आभाळात तारा शोधायची, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पावसाळा मात्र कठीण जायचा. आभाळ दिवसेंदिवस उघडायचं नाही. आई दुपारी एक भाकरी खायची आणि संध्याकाळी चहा घेऊन झोपायची. अण्णा कधी कधी तिच्याबरोबर गच्चीवर जायचे. छत्री धरून दोघं ढगांत फट पडते का बघत उभे राहायचे. एकदा त्यांना राहवलं नाही. लांबच्या पाण्याच्या टाकीवर दिवा लागला होता, त्याच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "तो बघ." आईनं बघितलं. म्हणाली, "दिवा हाय तो. चला, भिजायलात तुम्ही." आणि खाली येऊन त्यांनाच वाढलं.

मी कॉलेजात गेले त्या वर्षीच्या पावसाळ्यात आई गिरणीत चक्कर येऊन पडली. ज्वारीचा डबा कलंडला, तिच्या कपाळाला खोक पडली. गिरणीवाल्यानं आणि दोन बायकांनी तिला रिक्षात घालून घरी आणलं. तिच्या केसांवर, भुवयांवर सगळीकडे पीठ होतं, आणि ती त्यातही म्हणत होती, "दळण राहिलं की तिथं." डॉक्टरीणबाईंनी पापणी खाली ओढून बघितली आणि अण्णांवरच चिडल्या. "अंगात रक्त नाहीये यांच्या. रात्रीच्या जेवायच्या ऐवजी चहा? किती वर्षं चाललंय हे? असंच चाललं तर एक दिवस उठणार नाहीत त्या." अण्णा मान खाली घालून ऐकत होते. येताना टॉनिकची बाटली, गूळ आणि खजूर घेऊन आले. आईनं खजूर घेतला, पण दुपारी. संध्याकाळचं तिनं सोडलं नाही.

त्याच दिवसांत आम्हाला मुल्ला सर शिकवायला आले. मिरजेकडचे, सांगवीला भाड्यानं राहायचे, स्कूटरवरून यायचे. पदार्थविज्ञान शिकवायचे, पण तास संपायला पाच-दहा मिनिटं राहिली की खडू खाली ठेवून अभ्यासक्रमाबाहेरचं काहीतरी सांगायचे. एके दिवशी त्यांनी विचारलं, "तारे कधी तयार झाले?" कोणीतरी म्हणालं, जग तयार झालं तेव्हा. आमची सगळ्यांचीच तशी समजूत होती. सर म्हणाले, "काही तेव्हा झाले. काही अजून होतायत. आज, आत्ता, आपण इथं बसलोय तेव्हा."

माझ्या अंगावर काटा आला तो अजून लक्षात आहे. सर सांगत होते की दोन ताऱ्यांच्या मधली जागा रिकामी नसते. तिथं वायू असतो, बहुतेक सगळा हायड्रोजन, आणि त्यात धुरासारखी बारीक धूळ. तो इतका विरळ की आपल्या कारखान्यांतल्या पंपांनी हवा काढून केलेली पोकळीसुद्धा त्याच्यापुढे दाट वाटेल. पण असे ढग प्रचंड पसरलेले असतात. धुळीमुळे बाहेरच्या ताऱ्यांचा प्रकाश आत पोचत नाही, म्हणून आतला भाग थंड पडत जातो, बर्फाहून कितीतरी थंड. "आणि ती थंडी लागते," सर म्हणाले. "वायू गरम असला की फुगतो, पांगतो. थंड झाला की स्वतःच्याच वजनानं आत ओढला जातो. गोळा होतो. मग तो गोळा दाबला जाऊन तापत जातो, लाखो वर्षं, आणि शेवटी पेटतो. तोच तारा. आपला सूर्यही असाच झाला." मी पुढे आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. हा धडा शिकवायला दरवर्षी मी मुल्ला सरांचेच शब्द वापरले, आणि दरवर्षी वर्गात एखाद्या तरी मुलीच्या हातावरचे केस उभे राहिलेले मला दिसले.

घरी येताना मात्र मला आईच आठवत होती. अण्णांची दुसरी पाळी नव्हती, ते गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. मी त्यांना हळू आवाजात सगळं सांगितलं. म्हटलं, "अण्णा, तारे कशापासून होतात ते माहीत झालंय. आईला सांगते. म्हणजे ती जेवेल तरी." अण्णांनी आत वाकून आई कुठे आहे ते बघितलं. मग म्हणाले, "नको. तिच्याजवळ तेवढंच आहे. ते काढून घेऊ नको." मला राग आला. मी म्हणाले, "आणि गिरणीत पडली तशी पुन्हा पडली तर?" तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मी वाढीन तिला बळंच. पण हे सांगू नको, नंदा." मी सांगितलं नाही.

पौषात रंजनाच्या घरून हुरड्याचं बोलावणं आलं. रंजना माझ्या वर्गात होती, चाकणच्या अलीकडच्या एका गावातली. त्यांचं शेत रस्त्यापासून आत होतं, कांदा आणि ज्वारी. अण्णांना यायला जमावं म्हणून गुरुवार ठरला, मी आणि विजूनं एक दिवस बुडवायचं ठरवलं. मुल्ला सरांनी स्वतः एक दुर्बीण बनवली होती. सांगवीच्या गच्चीवर रिकाम्या पिंपावर काच ठेवून तिच्यावर दुसरी काच महिनोन्‌महिने घासून त्यांनी तिचा आरसा केला होता, आणि अंधारं शेत मिळालं तर वर्गातल्या मुलांना काहीतरी दाखवतो असं ते कधीचे म्हणत होते. रंजनाच्या वडिलांचा टेम्पो मार्केटला कांदा टाकून परत जाताना कॉलनीवरून गेला. त्यात पोत्यात गुंडाळलेली लांब नळी, सर, आम्ही पाच-सहा मुलंमुली, विजू, अण्णा आणि आई. आईला हुरडा म्हटल्यावर नाही म्हणवलं नव्हतं. टेम्पोत बसल्यावर ती मला म्हणाली, "आमच्या शेतात गूळभेंडी ज्वारी असायची. तिचा हुरडा खाल्ल्यावर दुसरा गोड लागत नाही." तिचा आवाज इतका तरतरीत मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता.

आता तो रस्ता ओळखू येत नाही. मी वाकडला मुलाकडे राहते, चौदाव्या मजल्यावर. चाकणला कधी जाणं झालं तर नव्या गाड्या लादलेल्या लांबलचक ट्रेलरच्या मागे तास तास थांबावं लागतं, आणि रंजनाच्या शेताच्या जागी पत्र्याचं भलंमोठं गोदाम आहे. पण तेव्हा टेम्पो डांबरी रस्ता सोडून आत वळला की ज्वारीच्या पानांचा आवाज सुरू व्हायचा, आणि कांद्याचा वास.

रंजनाच्या आईला सगळे माई म्हणायचे. जाड कुंकू, हातात कोयता, बांधावरूनच ओरडल्या, "या की वैनी! लई वाट बघितली आमी. म्हनलं येत्यात का न्हाई." थोड्याच वेळात आई पदर खोचून आगटीपाशी बसली होती, गोवरीच्या निखाऱ्यात कणसं खुपसत होती आणि तळहातावर चोळून पाखडून सगळ्यांना देत होती. माईंनी दोनदा उठवलं तरी उठली नाही. "तुम्ही बसा, मला सवय हाय," म्हणत होती. तिचे हात जणू लहानपणीच्या शेतात गेले होते. अण्णा लांबून तिच्याकडे बघत होते, लिंबाखालच्या बाजेवर बसून.

दिवस मावळला. आभाळ एकदम स्वच्छ होतं. आई उठून थोडी बाजूला गेली, पश्चिमेकडे बघून हात जोडले आणि परत आली. माईंनी विचारलं, "काय हो, कशाला नमस्कार?" आई म्हणाली, "हाय एक जण," आणि तेवढ्यावर थांबली. चुलीवर पिठलं रटरटत होतं, पण सर म्हणाले की मृग वर आलाय, चंद्र उगवायच्या आत बघून घेऊ.

त्यांनी नळी पूर्वेकडे वळवली. मृगाच्या बाणाचे तीन तारे सगळ्यांनाच ओळखू आले. सरांनी त्यांच्याखाली लटकल्यासारखी दिसणारी फिकट ताऱ्यांची छोटी रांग दाखवली. "त्यातला मधला धुरकट आहे बघा. तो तारा नाही. ढग आहे. तिथं तारे जन्मतायत." आम्ही रांगेनं डोळा लावला. मला आधी काहीच दिसलं नाही. मग हळूहळू उमटलं. पाण्यात दुधाचा थेंब टाकावा तसं काहीतरी पसरलेलं, आणि त्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढे चार ठिपके, अगदी जवळजवळ. हल्ली नातू मला मोबाइलवर त्याच ढगाचे फोटो दाखवतो, जांभळे, सोनेरी, थक्क व्हावं असे. ते बघून मी "वा" म्हणते. पण माझा ढग रंग नसलेला, करडा आहे आणि त्याला गोवरीच्या धुराचा वास येतो.

माईंनी डोळा लावला आणि विचारलं, "म्हंजी ढगाला पोरं व्हत्यात व्हय?"

"तसंच समजा," सर म्हणाले. "त्या चार ठिपक्यांचा जन्म आत्ताआत्ताचा आहे."

"आन्‌ किती दिस लागत्यात?"

"लाखो वर्षं लागतात, माई."

"बया! आमची म्हैस बरी मग."

सगळे हसले. आईही हसली. मग तिची पाळी आली. ती वाकली, एक डोळा पदरानं झाकला. "काही दिसंना. काळं दिसायलंय नुसतं."

"सरळ रोखून बघू नका, वहिनी," सर म्हणाले. "जरा त्याच्या बाजूला बघा, म्हणजे तो दिसेल."

आई बराच वेळ वाकून राहिली. मग म्हणाली, "दिसला. चुलीचा धूर राहावा तसं दिसायलंय." आणि डोळा न काढताच तिनं विचारलं, "सर, तिथं थंडी असती का?"

सरांना तिच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. त्यांनी वर्गात सांगायचे तसंच सांगितलं. जो उजळ दिसतो तो भाग नव्या ताऱ्यांनी तापवलेला आहे, पण त्याच्या मागे आणि भोवती काळा ढग आहे, न दिसणारा, आणि त्यात फार भयंकर थंडी असते. वायू आणि धूळ, दुसरं काही नाही. एका ताऱ्यापासून दुसरा तारा इतका लांब की प्रकाशालासुद्धा वर्षंच्या वर्षं लागतात. आई ऐकत होती. मग ती दुर्बिणीपासून बाजूला झाली आणि आगटीजवळ येऊन बसली. मी तिच्यामागे गेले. अण्णाही बाजेवरून उठून आले होते.

"नंदे," ती म्हणाली, "तू शिकलीस हे. खरं सांग मला. समदे तारे असेच होतात? ढगातून?"

मी अण्णांकडे बघितलं. अण्णा घाईनं म्हणाले, "चला, माई वाढायल्यात. जेवून घेऊ."

"थांबा तुम्ही," आई म्हणाली. अण्णांना तिनं असं थांबवलेलं मी कधी बघितलं नव्हतं. "सांग, नंदे."

अण्णांनी मान खाली घातली. मी म्हणाले, "हो आई. सगळे."

"माणसातलं कुणीच नसतं त्यात?"

"नाही."

"मग बाळू तिथं नाही."

 मी मान हलवली. मला वाटलं, आता ती कोसळेल. अण्णांनाही तेच वाटलं असावं, ते तिच्या शेजारी खाली बसले. आई निखाऱ्यांकडे बघत होती. आणि मग तिनं एवढा मोठा श्वास सोडला की समोरची राख उडाली.

"सुटलं गं माझं लेकरू," ती म्हणाली.

आम्ही दोघं तिच्याकडे बघतच राहिलो.

"अंधाराला किती भ्यायचा तो. दिवा गेला की रडायचा. मांडीवर घेतल्याबिगर डोळा मिटायचा नाही. आणि थोरल्या काकू म्हणल्या, तो वर हाय. एकटा. समद्या आभाळात एकटा, त्या अंधारात. मला काय बरं वाटत होतं का त्याला तिथं बघून? त्याला दिसावं म्हणून बघत होते मी. आई उभी हाय खाली, एवढं तरी दिसू द्या त्याला. आणि पावसाचं आभाळ आलं की वाटायचं, तो मला शोधत असंल आन्‌ मी त्याला दिसत नसंन. मग मला घास जाईल का हो? तुम्ही म्हणायचे जेव, जेव. कसं जेवावं?"

एवढी वर्षं आम्ही समजत होतो की तो तारा तिचा आधार आहे. अण्णांनी त्यापायी मला गप्प केलं होतं. आणि ती दररोज संध्याकाळी एका घाबरट लेकराला लांबूनच सोबत करत उभी राहत होती. ती रडायला लागली. बाळू गेला तेव्हासुद्धा, काकूनं रडू नको म्हटल्यामुळे, ती मोकळी रडली नव्हती. माई पिठल्याची पळी टाकून धावत आल्या. काय झालं हे त्यांना कळलं नव्हतं, त्यांनी विचारलंही नाही. आईचं डोकं स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाल्या, "रड, बाय. रड."

थोड्या वेळानं आई डोळे पुसत अण्णांना म्हणाली, "मग तिथंच हाय तो. तुम्ही नेला होता तिथं. मातीत." आणि जरा थांबून, "त्या दिवशी थंडी होती."

अण्णा बोलले. इतकं सलग बोललेले मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. "होती. म्हणून मी स्वेटर घातला होता त्याला. माझा. तू विणलेला, निळा. दोनदा गुंडाळला, पाय झाकले. मग खाली ठेवला."

"तो तर कंपनीत चोरीला गेला म्हणलात."

"काय सांगणार होतो तुला?"

आईनं त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांचा हात हातात घेतला, आम्हा सगळ्यांच्या देखत, आणि तसाच धरून ठेवला. माईंनी ताटं वाढली. आईनं त्या संध्याकाळी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि मुल्ला सरांनाही आग्रह करकरून पिठलं वाढलं. सर तिला म्हणाले, "वहिनी, माझं काही चुकलं का बोलण्यात?" आई म्हणाली, "न्हाई सर. लई चांगलं सांगितलं तुम्ही."

त्यानंतर आई रोज आमच्याबरोबर बसून जेवायला लागली. पोरांनी काही दिवस सवयीनं हाका मारल्या, "काकू, दिसला!" तेव्हा ती गॅलरीत येऊन कौतुकानं बघायची आणि हातानं "बघितला" अशी खूण करायची. पावसाळ्यात तिच्या गालांवर पहिल्यांदाच जरा रंग दिसला.

पण त्याच्या आधी, हुरड्याहून आल्यावर आठवडाभरात, अण्णांनी रजा टाकली आणि आम्ही चौघं पवनेच्या काठाला गेलो. बायकांनी तिथं जायचं नसतं हे कोणी बोलून दाखवलं नाही. काठ बदलला होता. बाभळी वाढल्या होत्या, एका बाजूला कोणीतरी भिंत घातली होती, पलीकडे बाया धुणं धूत होत्या. अण्णा जरा इकडे, जरा तिकडे फिरले, आणि एका जागी येऊन थांबले. "इथं," म्हणाले. आई खाली बसली. तिनं हातानं जमीन चाचपली, वाळलेली पानं बाजूला केली. मग तिनं विचारायला सुरुवात केली. त्याचं डोकं कुठल्या बाजूला होतं? तुमच्याबरोबर कोण कोण होतं? माती कुणी लोटली? डोळे मिटलेले होते का नीट? येताना तुम्ही काही खाल्लं होतं का? अण्णा उकिडवे बसून एकेका प्रश्नाचं उत्तर देत होते, न अडखळता. त्यांना सगळं आठवत होतं. इतकी वर्षं त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.